पहिला अल्बम काढताय? आधी ड्रमरचं बघा

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहिली होती की कोल्हापुरातली पोरं आता कव्हर वाजवून कंटाळलीत आणि स्वतःची गाणी करायला लागलीत, तर त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की यावेळी गिटार कुठली घेऊ, तार सारखी का तुटते वगैरे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. हा अंक सगळा पहिल्या अल्बमचा. नावं छापत नाही, कारण निम्म्या लोकांच्या घरी अजून माहीतच नाहीये म्हणे.

दादा, आम्ही चौघं. दोन गिटार, बेस, ड्रम. राजारामपुरीत एकाच्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षं वाजवतोय, स्वतःची दहा गाणी झालीत. सगळ्यांचे मिळून ७० हजार जमलेत. एक म्हणतो पुण्याला भारी स्टुडिओत जाऊन सगळं एकदम क्लीन करून आणू, दुसरा म्हणतो लॅपटॉपवर घरीच करू आणि पैसे व्हिडिओला ठेवू. रोज भांडणं चाललीत. काय करू? – गच्चीवरचा बँड

भावांनो, भांडणात तुमचा ड्रमर काय म्हणतोय ते तू लिहिलंच नाहीस, आणि खरं तर निर्णय त्याच्यावरच आहे. कसं ते सांगतो. बेस सरळ वायरने इंटरफेसमध्ये (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) जातो. गिटारच्या अँपसमोर एक माइक लावला की झालं. गाणारा एकटा, त्यालाही एकच माइक. म्हणजे दोन इनपुटचा साधा इंटरफेस असला तरी हे सगळं गच्चीवर होतं. ड्रमचं तसं नाही. किक, स्नेअर, टॉम, वर झांजांना दोन, असे सहा-सात माइक एकाच वेळी लागतात आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खोली लागते. गच्चीवरच्या खोलीला वर पत्रा असणार, चारी भिंती जवळजवळ असणार, त्यात झांज वाजली की पातेलं पडल्यागत ऐकू येतं आणि ते नंतर कुठल्याही प्लगइनने (आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरने) जात नाही.

म्हणून स्टुडिओ फक्त ड्रमला घ्या. बहुतेक ठिकाणी आठ तासांच्या शिफ्टवर पैसे असतात, दोन शिफ्ट बुक करा. पुण्याला जायलाच पाहिजे असं काही नाही, जिथं ड्रमची खोली बरी आहे आणि माइक पुरेसे आहेत तिथं जा, आधी एकदा नुसतं जाऊन टाळी वाजवून या. खरंच, खोलीच्या मधे उभं राहून टाळी वाजवा, टाळीला झणझण अशी शेपूट आली तर परत या.

जायच्या आधीचा एक महिना मात्र घाम गाळायचा. प्रत्येक गाण्याची लय आकड्यात लिहून काढा, क्लिकवर (लय धरायला कानात चालणारी टकटक) गिटार आणि आवाजाचा डमी ट्रॅक करून ठेवा, ड्रमर तो कानात घेऊन वाजवेल. क्लिकची सवय नसली तर पोरगं स्टुडिओत पहिल्यांदा ती टकटक ऐकून असं बिथरतं की दोन शिफ्ट पाण्यात. ड्रमची कातडी नवीन घाला, किकच्या पेडलला तेल सोडा (आमच्या एका गाण्यात अख्खं गाणंभर पेडल कुरकुरतंय, लोक विचारतात ते कुठलं वाद्य आहे). दहा गाणी बसत नसतील तर सात करा. सातची रेकॉर्ड कुणी कमी पैशात मागत नाही.

मग उरलेलं गच्चीवर, निवांत. आजीच्या वाकळा बाहेर काढा, गाणाऱ्याच्या मागं आणि दोन्ही बाजूला दोरीवर टाका, पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. लेव्हल लाल दिव्यापर्यंत नेऊ नका, सगळ्यात मोठा आवाज उणे दहा डेसिबलच्या आसपास आला तरी बास आहे, २४ बिटवर रेकॉर्ड करताय तर ओरडायची गरजच नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली गाऊ नका आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर अजिबात नको. मी स्वतः एका वर्षी हट्टाने बसलो होतो, दोन गल्ल्या पलीकडच्या डॉल्बीचा बेस माझ्या माइकच्या स्टँडमधनं वर चढला, आवाजाच्या सगळ्या ट्रॅकवर धम धम. आणि फाइल रोज दोन ठिकाणी कॉपी करायच्या, हे मी आता शांतपणे लिहितोय पण एके काळी हार्डडिस्क हातात घेऊन रंकाळ्याच्या कट्ट्यावर दोन तास बसलो होतो.

उरलेले पैसे मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज मापात एकत्र करायला. आणि मिक्स तुमच्यातल्या कुणी करायचं नाही, कारण गिटारवाला मिक्स करतो तेव्हा गिटार मोठी होते, गाणारा करतो तेव्हा आवाज. बाहेरचा माणूस बघा. मिक्स आला की भारी हेडफोनवर ऐकून खूश होऊ नका, वडापच्या (शेअर जीपच्या) टेपवर लावायला सांगा, मागं बारा माणसं कोंबलेली, इंजिन घरघरतंय, त्यात शब्द आणि स्नेअर ऐकू आला तर मिक्स पास. व्हिडिओचं नंतर बघू.

आता 'क्लीन'बद्दल. न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्सने २००१च्या 'इज धिस इट' या पहिल्या अल्बमसाठी आधी गिल नॉर्टन या नावाजलेल्या प्रोड्यूसरबरोबर काम सुरू केलं होतं. ते त्यांना फार गुळगुळीत वाटलं, सोडून दिलं आणि गॉर्डन राफेल नावाच्या माणसाच्या तळघरातल्या स्टुडिओत जाऊन परत वाजवलं. तिथला तो जरा खरखरीत आवाजच पुढं दहा वर्षं सगळे कॉपी करत बसले. पण याचा अर्थ खराब रेकॉर्ड करा असा काढू नका, कारण उलटंही झालेलं आहे. मँचेस्टरकडच्या जॉय डिव्हिजनचा १९७९चा 'अननोन प्लेझर्स' घ्या, त्यांच्या प्रोड्यूसरने, मार्टिन हॅनेटने, ड्रमरला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला, सगळं थंडगार, पोकळ केलं, बँडमधल्याच दोघांना ते आवडलं नव्हतं, त्यांना स्टेजवरचा धिंगाणा पाहिजे होता. आज तोच अल्बम लोक डोक्यावर घेतात. म्हणजे स्वच्छ की खरखरीत हा प्रश्नच नाही, आपण कसं ऐकू यावं हे चौघांना आधी माहीत पाहिजे. तुम्हाला माहितेय का? नसेल तर पुढच्या रविवारी भांडण बंद करून फोनवर एक अख्खी प्रॅक्टिस रेकॉर्ड करा आणि चौघांनी एकत्र बसून ऐका, कोण कुठल्या गाण्याला खाली बघतो ते बघा. ते गाणं काढून टाका.

आमची गायिका घरी, गल्लीत "मी आलो, मी जातो, लई वैताग आलाय" असं बोलते आणि गाणं लिहायला बसली की "मी तुझ्या आठवणींत हरवून गेले आहे". मला ते खोटं वाटतं, ती म्हणते बोलीभाषेत गायलं तर पुण्या-मुंबईचे लोक हसतील, कॉमेडी बँड वाटेल. कोण बरोबर? – बेसवाला, शिवाजी पेठ

बेसवाल्या, तू बरोबर आहेस पण तिची भीती पण खरी आहे, तिला उडवून लावू नकोस. आपली बोली इतकी वर्षं सिनेमा-मालिकांत पैलवानाला नाहीतर विनोदी नोकराला दिली गेली की लोक ऐकताक्षणी हसायच्या तयारीत बसतात.

आता शेफिल्डचं ऐक. इंग्लंडातलं पोलादाचं, सुऱ्या-चमच्यांचं गाव, म्हणजे आपल्या उद्यमनगर-शिरोलीचं लांबचं भावकीतलंच समज. तिथली चार पोरं, आर्क्टिक मंकीज, २००२मध्ये बँड काढला, गिगला स्वतःच बर्न केलेल्या डेमो सीड्या फुकट वाटल्या, त्या लोकांनीच इंटरनेटवर पसरवल्या. जानेवारी २००६मध्ये पहिला अल्बम आला, 'व्हॉटेव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आयम नॉट', आणि पहिल्या आठवड्यात ३,६३,७३५ प्रती गेल्या, ब्रिटनमध्ये कुठल्या बँडच्या पहिल्या अल्बमचं असं तोवर झालं नव्हतं. त्याच वर्षी मर्क्युरी प्राइझ (तिकडचा वर्षातल्या अल्बमचा पुरस्कार) पण. गाणारा अ‍ॅलेक्स टर्नर तेव्हा नुकता वीस वर्षांचा. आणि तो गायला कसा, तर गल्लीत बोलतो तसा. इंग्लंडातले कितीतरी रॉक गायक गाताना अमेरिकन व्हायचे, हा झाला नाही. त्यातल्या एका गाण्याच्या नावातच 'मार्डी' शब्द आहे, उत्तर इंग्लंडकडचा, रुसून तोंड फुगवून बसणाऱ्या माणसासाठी. लंडनवाल्यांना कळेल का याची त्याने काळजी केली नाही, टॅक्सीच्या रांगा, नाइटक्लबचे दारवान, भांडलेली गर्लफ्रेंड, सगळं गावातलं.

आणि हे इंग्लंडातच होतं असं पण नाही. कोलकात्यात मोहिनेर घोडागुली बँडवाले १९७५पासून बंगालीत करत होते, १९७७ला त्यांची पहिली रेकॉर्ड आली. केरळातल्या अवियल बँडचा मल्याळम रॉकचा अल्बम २००८चा. मल्याळमचा एक शब्द कळत नसताना मी तो वर्षभर ऐकला.

तिला एक अजून सांग, हे भावनेचं नाही, तोंडाचं गणित आहे. 'आलो' हा शब्द 'ओ'वर संपतो, तोंड उघडं राहतं, चार मात्रा ताणता येतो. 'लई'चं तसंच. 'खूप' म्हटलं की 'प'ला ओठ मिटतात, सूर तिथंच कापला. म्हणजे रॉकमध्ये ओरडायला आपली बोली जास्त सोयीची आहे राव. आणि कोल्हापूरची पोरगी "मी आलो" म्हणते हे महाराष्ट्रात दुसरीकडं फारसं नाही, तेवढ्या दोन शब्दांत ती कुठली, कशी वाढली सगळं आलं, ते पुसून ती 'गेले आहे' करते म्हणजे हातातला हुकमाचा पत्ता फेकून देते.

फक्त एक करू नका, गाण्यात 'नाद खुळा' आणि 'जगात भारी' पेरू नका. ते रिक्षाच्या मागं लिहायला ठीक आहे. आईला फोनवर "येतो गं, उशीर होईल" म्हणताना जी भाषा निघते ती पाहिजे.

लोक म्हणतात आमच्या गाण्यातले शब्द कळत नाहीत. आवाज वाढवू का? – कसबा बावडा

आधी गिटार कमी करून बघ, आवाज आणि गिटार एकाच पट्ट्यात भांडत असतील. तरीही कळले नाहीत तर घाबरू नको. अमेरिकेतल्या आर.ई.एम. बँडचा पहिला अल्बम 'मर्मर', १९८३चा, गाणारा मायकल स्टाइप असा पुटपुटतो की इंग्रजी बोलणाऱ्यांनाही निम्मं कळत नव्हतं, आणि रोलिंग स्टोन मासिकाने त्यालाच वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हटलं. पण तो मुद्दाम तसा गायचा. तुझं मुद्दाम आहे का गिटारवाला ऐकत नाही म्हणून आहे, ते तुलाच माहीत.

नमस्कार सर. माझा मुलगा डिप्लोमा करून शिरोलीला फाउंड्रीत लागलाय, दोन वर्षं झाली, बरं चाललंय. आता म्हणतोय इंडी अल्बम काढायचाय म्हणून नोकरी सोडतो. इंडी म्हणजे इंडियन का? यात पैसे मिळतात का हो? त्याच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. – एक आई, शाहूपुरी

ताई, नमस्कार. इंडी म्हणजे इंडियन नाही, इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीच्या जिवावर नाही, स्वतःच्या खिशातून काढलेलं. १९७६च्या शेवटी मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडने घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, काही तासांत चार गाणी रेकॉर्ड केली आणि १९७७ला स्वतःच १,००० प्रती छापल्या. सगळ्या गेल्या, परत छापाव्या लागल्या, आणि कंपनीशिवाय पण होतं हे बाकीच्या पोरांना कळलं. आपल्याला यात नवीन वाटायचं तसं कारण नाही, बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांमागं सिनेमाचा कॅमेरा इथं कोल्हापुरातच बनवला होता, विलायतेहून येईल म्हणून वाट बघत बसले नाहीत.

पैशाचं खरं सांगतो, चिडू नका. पहिल्या अल्बमचे पैसे मिळत नाहीत, जातात. ऐकायची अ‍ॅप्स एका वेळच्या ऐकण्याला पैशांच्या हिशोबात देतात, रुपयांच्या नाही, आणि स्पॉटिफायवर तर २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याचे काहीच मिळत नाहीत. पैसे येतात ते कार्यक्रमातून, तेही नाव झाल्यावर.

म्हणून नोकरी सोडायची अजिबात गरज नाही. ड्रमचे दोन दिवस सुट्टी, बाकी सगळं रात्री आणि साप्ताहिक सुट्टीला होतं, सगळ्यांचं तसंच होतं. त्याला हे माझ्या नावावर सांगा. पण बाबांना सांगताना 'खूळ' म्हणून सांगू नका, एवढीच विनंती. फाउंड्रीतली शिफ्ट करून आल्यावर रात्री अकराला गाणं लिहिणारा पोरगा आळशी नसतो हो. आणि त्याला माझ्याकडून एक निरोप, तिथं भट्टीपाशी जे दिसतं, ऐकू येतं त्याच्यावर गाणं लिही, मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

शब्द माझे, चाल गिटारवाल्याची, रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) सगळ्यांनी मिळून. अल्बमवर नाव कुणाचं? आणि स्टुडिओवाला ओळखीचा आहे, "पैसे राहू देत, आपलंच समज" म्हणतोय. – उजळाईवाडी

'आपलंच समज' या वाक्यावर मी एक मैत्री घालवलीय, तेव्हा नीट वाच. कायद्याने एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्दांचा मालक लिहिणारा, चालीचा ती बांधणारा. पण रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो, कॉपीराइट कायद्यात त्यालाच प्रोड्यूसर म्हणतात. आता फुकटात केलेल्या कामात पुढाकार कुणाचा, जबाबदारी कुणाची? आज कुणी विचारणार नाही, गाणं एखाद्या सिरियलला गेलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आठवतं. म्हणून थोडे का होईना पैसे द्या, पावती घ्या, आणि एका कागदावर लिहून सही घ्या की रेकॉर्डिंगचे हक्क बँडचे. मित्र असेल तर सही करताना वाईट वाटून घेणार नाही, घेतलं तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

बँडमधलं म्हणशील तर आर.ई.एम.वाले गाणी चौघांच्या नावाने टाकायचे, कुणी काय केलं याचा हिशोबच नाही. मला ते पटतं. रिफ कुणाचा होता यावर फुटलेले बँड मी पाहिलेत, आणि रिफ काही ग्रेट पण नव्हता. पण तुम्हाला वाटे करायचे असतील तर टक्के ठरवा आणि रिलीजच्या आधी लिहा, नंतर नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला असा लिहून देऊन टाकता येत नाही, हे लक्षात असू दे, कुणी तसा करार पुढं केला तर उठून चहा प्यायला जा. रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था १९६९पासून आहे, शब्दवाला आणि चालवाला दोघांनी सभासद व्हा.

जुन्या मराठी सिनेमातलं गाणं रॉकमध्ये केलंय, अल्बममध्ये टाकू का? क्रेडिट देणार आहे.

नको. क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. परवाना काढायची तयारी असेल तर टाक, नाहीतर पहिल्या अल्बममध्ये स्वतःचंच ठेव.

सगळी गाणी एकदम सोडू का एकेक?

दोन-तीन आधी एकेक, मग अख्खा अल्बम. स्पॉटिफायवर प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर रिलीजच्या आधीच पाठवावं लागतं, किमान सात दिवस आधी पाठवलेलं बरं, सोडल्यानंतर पाठवताच येत नाही. तारीख त्या हिशोबाने धरा. आणि मास्टरिंगवाल्याला (मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला) "अजून मोठं कर, अजून मोठं" करू नका, स्पॉटिफाय सगळ्यांची गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) आणून ठेवतं, तुमचं फार मोठं असेल तर खाली ओढतं, हातात फक्त चेपलेलं गाणं राहतं.

एका गाण्यात हलगी घेतलीय. खासबागच्या कुस्तीच्या मैदानातल्यासारखी अंगावर यायला पाहिजे, पण रेकॉर्ड केली तर टिनाचा डबा वाजवल्यासारखी येतेय. – मंगळवार पेठ

वा, या प्रश्नासाठीच मी थांबलो होतो. तू माइक हलगीला चिकटवलायस, बरोबर? हलगीची काडी एवढी कडक बसते की जवळच्या माइकला फक्त टक ऐकू येतं, कातडं ऐकूच येत नाही. माइक पाच-सहा फूट लांब ने, छातीच्या उंचीवर, जमलं तर दुसरा एक खोलीच्या कोपऱ्यात ठेव. मैदानात ती अंगावर येते कारण ती लांबून येते, मधे हवा असते, माणसं असतात. शिवाय तिथं घुमकं (हलगीच्या जोडीचं घुमणाऱ्या आवाजाचं वाद्य) असतं खाली, नुसती हलगी कधीच नसते, ते घेतलंयस का? नसेल तर आधी ते घे. आणि त्या भागात तुमच्या ड्रमरने स्नेअर सोडायचा, हात बांधून बसायचं, दोन्ही एकाच जागी वाजले की दोन्ही मरतात.

अजून एक, टेकच्या मधे हलगी थंड होते आणि सूर उतरतो, एसीत तर लवकरच. मग पहिलं कडवं एका सुरात आणि तिसरं दुसऱ्या. प्रत्येक टेकच्या आधी शेकून घ्यायची. हलगीवाल्या मामांना ते सांगावं लागत नाही, ते स्वतःच कागद पेटवायला घेतात, फक्त त्यांना स्टुडिओच्या बाहेर अंगणात न्या. आमच्या वेळी आतच पेटवला होता, तेव्हापासून त्या स्टुडिओत आम्हाला तारीख मिळत नाही.